दिवाळीतले छोटे दान : पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

दिवाळी जवळ आली की, यंदा आपल्या घराबाहेरच्या कोणासाठी तरी काही करावे, असे अनेकांना मनापासून वाटते. पण नेमके काय द्यावे, कोठे द्यावे आणि हातात हजार-दोन हजार रुपयेच असतील तर त्यात काय होणार, या प्रश्नांपाशी बहुतेक जण थांबतात. नोकरीनिमित्त साताऱ्यात नव्याने राहायला आलेल्या मंडळींना तर येथे कोण कोठे राहते, याचीही फारशी माहिती नसते. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. आमचा शाहूपुरीतील चार घरांचा एक लहानसा गट आहे. गेली काही वर्षे घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशांत आम्ही जे केले, त्यात चुका पुष्कळ झाल्या. त्या सर्व चुकांचे मूळ एकच होते: काय द्यायचे हे आम्ही घरी बसून ठरवत होतो. घेणाऱ्याला आधी विचारावे आणि मगच बाजारात जावे, एवढा एक क्रम पाळला तर छोट्या रकमेतही मोठी सोय होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या क्रमावरच उभ्या आहेत.

पहिली पायरी : आधी देणे, मग दान

घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, सोसायटीचे राखणदार, जिना झाडणारे आणि घंटागाडीवर रोज सकाळी येणारे कामगार यांना दिवाळीत जे दिले जाते, ते दानाच्या हिशोबात धरू नये. वर्षभर घरकाम करणाऱ्या व्यक्तीला एका महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची रीत आपल्याकडे आहे आणि तो त्यांचा हक्क समजावा. पगाराऐवजी साडी किंवा मिठाईचा पुडा देऊन मोकळे होऊ नये. साडी द्यायची असेल तर ती पैशांच्या जोडीला द्यावी. हे पैसे वसुबारसेच्या आधी हातात पडले तर उपयोगाचे ठरतात, कारण त्यांनाही मुलांचे कपडे आणि किराणा आणायचा असतो. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दिलेला बोनस सणाच्या खरेदीला उपयोगी पडत नाही.

दुसरी पायरी : रक्कम आधीपासून बाजूला काढणे

दिवाळीच्या आठवड्यात खर्च इतके असतात की, दानासाठी वेगळे पैसे त्या वेळी निघत नाहीत. म्हणून घटस्थापनेच्या दिवशी एक डबा ठेवावा आणि धनत्रयोदशीपर्यंत त्यात रोज ठरावीक रक्कम टाकावी. हा काळ साधारण अठ्ठावीस दिवसांचा असतो. रोज पन्नास रुपये टाकले तरी १,४०० रुपये होतात आणि चार घरांनी तसे केले तर ५,६०० रुपये जमतात. आमच्या पहिल्या वर्षीची सगळी रक्कम एवढीच होती.

साताऱ्याला ही पद्धत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही हकीकत येथे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्याच कामात मुष्टिफंडाची कल्पनाही होती: घरातील बाईने रोज मूठभर धान्य बोर्डिंगसाठी वेगळे काढून ठेवायचे. रोजची मूठ घराला जाणवत नाही, पण महिनाअखेर तिचे पोते होते. आपला पन्नास रुपयांचा डबा म्हणजे तीच मूठ आहे, असे मी नव्या माणसाला आवर्जून सांगतो, कारण थोडक्या पैशांची लाज वाटून मागे हटणारे लोक मी पाहिले आहेत.

तिसरी पायरी : एकच ठिकाण निवडणे

पहिल्या वर्षी एकाच ठिकाणी जावे. पैसे चार ठिकाणी वाटले तर चारही ठिकाणी जेमतेम पुडा पोहोचतो आणि कोणाशीही ओळख होत नाही. साताऱ्याच्या परिसरात पर्याय पुष्कळ आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात डोंगराकडच्या गावांतून आणि माण-खटावकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक सणाच्या दिवसांतही व्हरांड्यात थांबलेले असतात. बालगृहे आणि वृद्धाश्रम आहेत. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जिल्ह्यात उतरतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कारखान्यांच्या परिसरात आणि कृष्णाकाठच्या गावांच्या कडेला उभ्या राहतात. माझा अनुभव प्रामुख्याने या शेवटच्या ठिकाणचा आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहितो.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ही कुटुंबे टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा तेथे हिशोब असतो आणि उचल तोडलेल्या उसातून फेडायची असते, त्यामुळे एक दिवस काम बुडवणे त्यांना परवडत नाही. गाळपाचा हंगाम बहुधा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होत असल्याने अनेकदा दिवाळी त्यांच्या प्रवासात किंवा कोपी बांधण्याच्या धांदलीत निघून जाते. आपण घरावर आकाशकंदील लावतो त्याच आठवड्यात ते माळावर बांबू रोवत असतात.

चौथी पायरी : विचारायला जाणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बहुतेक लोक गाळतात. विचारायला जाताना हातात काहीही घेऊन जाऊ नये. वस्तू हातात असली की, समोरचा माणूस ती वस्तूच बरी आहे, असे भिडेखातर म्हणतो.

कोप्यांवर जायचे असेल तर दिवसा जाऊन उपयोग नाही. पहाटे अंधारातच जोड्या उसाच्या फडात गेलेल्या असतात आणि मागे लहान मुले, त्यांना सांभाळणारी थोरली बहीण आणि एखादी म्हातारी एवढेच उरतात. आम्ही पहिल्या वर्षी भर दुपारी गेलो होतो, मुलांना रांगेत उभे करून पुडे वाटले आणि समाधानाने परत आलो. संध्याकाळी आईबाप आले तेव्हा परक्या माणसांनी येऊन मुलांना खायला दिल्याचे कळून ते घाबरले, असे मुकादमाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. त्यांचे घाबरणे रास्त होते. तेव्हापासून आम्ही आधी मुकादमाला कल्पना देतो, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान जातो, गाडी लांब थांबवून चालत जातो आणि घरातील बाईशी बोलतो.

त्याच हंगामात दुसऱ्यांदा गेलो तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. चुलीवर भाकरी टाकत बसलेल्या एका बाईंना आम्ही विचारले की, दिवाळीसाठी काय आणू. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, पीठ लागलेला हात तसाच कोपीच्या आत नेला आणि जमिनीवर अंथरलेले पोते उचलून दाखवले. पोत्याची खालची बाजू ओली काळी झाली होती. “फराळ नको ताई, फराळ समदेच देतेत. लेकरायला खाली अंथरायला काहीतरी बघा, रातभर ओल वर येती,” असे त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. पाटाच्या कडेला, काळ्या रानात उभारलेल्या कोपीत जमिनीची ओल हा थंडीपेक्षाही मोठा त्रास असतो, हे शाहूपुरीत बसून आम्हाला कधीच सुचले नसते. त्या वर्षी लाडवांऐवजी जाड ताडपत्रीचे तुकडे गेले.

विचारताना एकदम “काय हवे?” असे म्हणू नये, कारण त्यावर बहुतेक जण संकोचाने “काही नको” असेच उत्तर देतात. मुले किती आहेत, रात्री पांघरायला पुरते का, पाणी कोठून आणता, गाडीला मागे दिवा आहे का, असे लहान प्रश्न विचारावेत. मुलींच्या आणि बायकांच्या गरजा, विशेषतः सॅनिटरी पॅड आणि अंघोळीच्या आडोशासाठी कापड, यांविषयी गटातील बायकांनीच बोलावे. मोजताना माणसे मोजण्यापेक्षा चुली मोजाव्यात. एक चूल म्हणजे एक घर धरले की, वाटपात चूक होत नाही.

बालगृहाच्या बाबतीत अधीक्षकांना भेटून यादी मागावी. दिवाळीच्या चार दिवसांत तेथे मिठाईचा ढीग होतो आणि जानेवारीत मुलांना वह्या, अंतर्वस्त्रे, अंगाचा साबण आणि खोबरेल तेल हवे असते, असा आमचा अनुभव आहे. घरी शिजवलेले अन्न चालते का, हेही आधी विचारावे; अनेक संस्था ते घेत नाहीत आणि त्यामागे मुलांच्या तब्येतीचेच कारण असते.

पाचवी पायरी : जमवाजमव

यादी हातात आल्यावरच खरेदीला निघावे. येथे तीन गोष्टींविषयी सविस्तर सांगतो, कारण त्या स्वस्त आहेत आणि कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट वाकळ, म्हणजे गोधडी. प्रत्येक घरात जुन्या सुती साड्या पडून असतात आणि त्या तशाच कोणाला तरी देऊन टाकण्याचा मोह होतो. तसे न करता चार-पाच मऊ साड्या धुऊन, वाळवून आपल्या ओळखीच्या वाकळ शिवणाऱ्या बाईंकडे द्याव्यात आणि शिलाईची मजुरी त्या सांगतील तेवढी, घासाघीस न करता द्यावी. सणाच्या महिन्यात त्यांच्या हाताला काम मिळते आणि तयार झालेली वाकळ कोपीतल्या मुलाला थंडीभर पुरते. हे काम हाती शिवण्याचे असल्याने वेळ लागतो, म्हणून साड्या नवरात्रातच पोहोचवाव्यात. गुळगुळीत, घसरणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्या शक्यतो देऊ नयेत. शिवताना थर सरकतात आणि ऊबही कमी मिळते.

दुसरी गोष्ट रिफ्लेक्टर. पहाटे किंवा रात्री उसाने भरलेल्या टायरगाड्या (टायरच्या चाकांच्या बैलगाड्या) आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याने जात असतात आणि मागून येणाऱ्या वाहनाला त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. असे अपघात दर हंगामात होतात, त्यात गाडीवान आणि दुचाकीस्वार दोघेही जातात. परावर्तक पट्टी वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मीटरवर मिळते. मागच्या बाजूला लाल, पुढे पांढरी आणि कडेला पिवळी असा तिचा नियम आहे. मात्र ती थेट गाडीच्या फळीला चिकटवून भागत नाही. ऊस भरला की, मागची बाजू उसानेच झाकली जाते, शिवाय खरबरीत लाकडावर पट्टी टिकत नाही. म्हणून हातभर रुंदीच्या जाड कॅनव्हासवर लाल पट्ट्या शिवून घ्याव्यात, चारही कोपऱ्यांना सुतळीसाठी छिद्रे पाडावीत आणि भरलेल्या उसाच्या मागच्या टोकाला तो पट्टा बांधता येईल असे करावे. गाडी रिकामी झाली की, पट्टा सोडून ठेवता येतो. बांधून कसा दिसतो हे त्यांच्यासमोर अंधारात बॅटरीचा झोत टाकून एकदा दाखवावे; तो उजळलेला पाहिल्यावर गाडीवान स्वतःहून दुसरा मागतात.

तिसरी गोष्ट फराळ. विचारल्यावर फराळच हवा असे उत्तर आले, तर तो अवश्य द्यावा. सणाचा गोड घास कमी मोलाचा नसतो. फक्त तो घरच्यासाठी केला त्याच तेलातला आणि त्याच दिवशीचा असावा. चिवडा, शंकरपाळी आणि शेव टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत, म्हणून त्या देऊ नयेत. कोपीत उंदरामुंग्यांचा उपद्रव असल्याने कागदी पुड्यांऐवजी झाकणाच्या डब्यात द्यावा, डबा पुढे मीठ-मसाल्यालाही कामी येतो.

वापरलेल्या कपड्यांविषयी एकच सांगणे आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडे गेलेल्या जुन्या कपड्यांचे काय झाले, ते अनेकांनी पाहिले आहे. न वापरता येणाऱ्या कपड्यांचे ढीग पडून राहिले आणि ते निवडण्यातच मदत करणाऱ्यांचा वेळ गेला. बटणे आणि चेन तपासून, धुऊन, इस्त्री करून, मापाची चिठ्ठी लावून जेवढे कपडे होतील, तेवढेच द्यावेत.

सहावी पायरी : संस्थेला पैसे देताना

स्वतः जाणे शक्य नसेल तर संस्थेला पैसे देण्यात काहीच कमीपणा नाही. त्यासाठी आधी संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारावा, तो धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच भरावेत. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर तेथेच थांबून संस्थेच्या कार्यालयात फोन करावा. सणाच्या दिवसांत आजारी मुलाचे छायाचित्र टाकून मदत मागणारे निरोप मोबाईलवर फिरतात. त्यांतले काही खरे असतात, काही जुने असतात आणि काही फसवे असतात. त्यामुळे ज्या रुग्णालयाचे नाव दिले आहे, तेथे स्वतः चौकशी केल्याशिवाय निरोप पुढेही पाठवू नये.

पावती नेहमी घ्यावी. ज्याला आपण सवयीने ‘८० जी’ म्हणतो, ती प्राप्तिकरातील सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता असावी लागते, दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिल्यास ती त्या सवलतीत धरली जात नाही आणि करदात्याने नवी करप्रणाली निवडली असल्यास ही वजावट मिळत नाही. आपला गट मोठा झाला आणि ओळखीपाळखीपलीकडे जाहीर वर्गणी गोळा करावीशी वाटली, तर नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती घेण्याइतका उत्साह नसेल, तर आपसांतच जमवावे. ओळखीच्यांतले पैसे असले तरी वही ठेवावी, बिले चिकटवावीत आणि प्रत्येक घराला दाखवावीत.

पैसे अजिबात नसतील तर

रक्तदान करावे. दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत आणि रक्तपेढ्यांतील साठा उतरतो. रक्त फार काळ साठवता येत नाही, प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे आधीच्या शिबिराचा साठा येथे पुरत नाही. वय अठराच्या वर, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. जाण्यापूर्वी रक्तपेढीला फोन करून कोणत्या गटाची निकड आहे, ते विचारावे.

माहिती देणे हेही एक मोठे देणे आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव ठेवाव्या लागतात, हे कित्येक नातेवाइकांना माहीतच नसते. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक बसतात आणि योजनांची कागदपत्रे तेथे समजावून मिळतात. अडलेल्या माणसाबरोबर त्या खोलीपर्यंत चालत जाणे आणि अर्ज भरून होईपर्यंत शेजारी बसणे, याला अर्धा दिवस जातो, पैसा लागत नाही.

देण्याचा दिवस

लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला सगळेच येतात, म्हणून आम्ही भाऊबीजेनंतर आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आत एखादी संध्याकाळ निवडतो. तोवर थंडी सुरू झालेली असते आणि टोळ्याही स्थिरावलेल्या असतात. रांग लावू नये. प्रत्येक चुलीपाशी जाऊन, जे ठरले होते ते बाईंच्या हातात द्यावे, चहा दिला तर तो घ्यावा आणि फार न रेंगाळता निघावे. त्यांना पहाटे उठायचे असते. सर्व कोप्यांना एकसारखे मिळेल एवढे नसेल तर त्या दिवशी जाऊच नये, पैसे जमेपर्यंत थांबावे. शेजारच्या चुलीला मिळाले आणि आपल्याला नाही, ही गोष्ट त्या वस्तीत हंगाम संपेपर्यंत राहते.

छायाचित्रे काढू नयेत. बालगृहातील मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मनाईच आहे. कोपीवर तसा नियम नाही, पण स्वतःच्या दारात हात पुढे केलेले आपले चित्र परक्या लोकांच्या मोबाईलवर फिरावे, असे कोणाला वाटेल? गटाला हिशोब दाखवायचा असेल तर बिलांची आणि बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांची छायाचित्रे पुरतात.

परत आल्यावर त्याच रात्री वहीत नोंद करावी: किती चुली, किती मुले, काय दिले, काय कमी पडले आणि निघताना कोण काय बोलले. आमच्या वहीच्या मागच्या वर्षीच्या पानावर शेवटी असे लिहिले आहे: चुली अकरा, ताडपत्री पुरली, वाकळी दोन कमी, टायरगाड्या सात पैकी तीनलाच पट्टे, संक्रांतीच्या आधी चार पट्टे आणि दोन वाकळी घेऊन पुन्हा जाणे.